वाचक विचारतात : नदीला खत घालणारा शास्त्रज्ञ

जलपर्णीवरच्या एका उत्तरात मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. अलास्कातल्या एका नदीत ब्रूस पीटरसन या शास्त्रज्ञानं मुद्दाम फॉस्फरस सोडला, आणि पुढे त्यानंच सैबेरियाच्या नद्यांचं पाणी वाढत चालल्याचं दाखवून दिलं, एवढंच. जलपर्णीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, पत्रं सगळी या दोन ओळींवर आली! तेव्हा या वेळचं सदर आर्क्टिकला देऊन टाकते. पत्रं लांबलचक होती, मी ती आटोपशीर केली आहेत.

साखर कारखान्यानं नदीत मळी सोडली की आपण मोर्चे काढतो. शास्त्रज्ञानं नदीत रसायन ओतलं की त्याला संशोधन म्हणायचं? तेही आर्क्टिकसारख्या स्वच्छ जागी? – पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त अभियंते, कराड

तुमचा राग समजतो. आधी काय आणि किती सोडलं ते सांगते, मग ठरवा.

नदीचं नाव कुपारुक. अलास्काच्या उत्तर भागात ब्रुक्स पर्वतरांग आहे. तिच्या उत्तरेच्या पायथ्याशी उगम पावून ही नदी आर्क्टिक महासागराला मिळते. झाड औषधालाही सापडणार नाही असा हा टुंड्रा. जमीन खाली शेकडो मीटर कायमची गोठलेली, उन्हाळ्यात वरचा हातभर थर तेवढा सुटतो. जवळच टूलिक नावाचं तळं आहे आणि त्याच्या काठी 1975 पासून एक संशोधन केंद्र. अलास्काची तेलवाहिनी आणि तिच्या बाजूचा रस्ता त्याच सुमारास होत होता, त्यामुळे एरवी जिथे विमानाशिवाय पोचता आलं नसतं तिथे जीप जाऊ लागली. पीटरसन मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीतले. ते आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले, त्यामागे या रस्त्याचाही वाटा आहे.

कुपारुकचं पाणी फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि पोषणाच्या बाबतीत अगदी दरिद्री. नदीतले जीव जगत होते ते मुख्यतः आजूबाजूच्या दलदलीतून वाहून येणाऱ्या कुजट काडीकचऱ्यावर. नदीची स्वतःची कमाई म्हणजे दगडांवरचं शेवाळ, आणि ती नाममात्र. मग प्रश्न पडला की ही नदी उपाशी आहे ती नेमकी कशासाठी? प्रकाशासाठी नक्कीच नाही, उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही. थंडीमुळे? नायट्रोजन कमी म्हणून? की फॉस्फरस कमी म्हणून? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. गोठलेली जमीन वितळायला लागली की तिच्यात अडकलेली पोषकद्रव्यं नदीत उतरणार. तेव्हा नदी काय करेल, हे आधी कळलं तर बरं, असा विचार होता.

1983 च्या उन्हाळ्यात नदीकाठी फॉस्फोरिक आम्लाचे कॅन ठेवून, पंपानं थेंबाथेंबानं ते प्रवाहात सोडायला सुरुवात झाली. मात्रा दर लिटर पाण्याला सुमारे दहा मायक्रोग्रॅम फॉस्फरस मिळेल एवढी. आपल्या शहरांच्या सांडपाण्यात दर लिटरला काही मिलिग्रॅम असतो, म्हणजे शेकडो पट. मळीशी तुलना त्यामुळे टिकत नाही. शिवाय ठिबकाच्या वरचा पट्टा तसाच ठेवला होता. तोच पाऊस, तेच पाणी, तेच मासे, वर फॉस्फरस नाही आणि खाली आहे. प्रयोगशाळेच्या बाहेर इतकी सरळ तुलना क्वचित साधते.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत अपेक्षेप्रमाणे झालं. खालच्या पट्ट्यातले दगड डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या थरानं बुळबुळीत झाले, आणि परक्या काडीकचऱ्यावर जगणारी नदी स्वतः कमावून खाऊ लागली. 1985 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर शोधनिबंध आला. फॉस्फरस वाढला की शेवाळ वाढतं, हे सिद्ध झालं. इथे थांबले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

पण ते थांबले नाहीत, आणि खरी गंमत तिथून पुढे आहे. शेवाळ वाढलं म्हटल्यावर ते खाणारे किडे वाढले, मेफ्लायची पिल्लं, कॅडिसफ्लायच्या अळ्या, आणि त्यांनी शेवाळ चरून कमी केलं. नुसतं शेवाळ मोजणाऱ्याला वाटलं असतं की प्रयोगाचा परिणाम ओसरला. तो ओसरला नव्हता, एक पायरी वर चढला होता. ग्रेलिंग मासे अंगानं झपाट्यानं वाढू लागले. सगळेच किडे मात्र वाढले नाहीत. काळ्या माश्यांच्या अळ्या दगडाला चिकटून वाहत्या पाण्यातलं अन्न गाळून खातात. कॅडिसफ्लायच्या अळ्या दगड बळकावून बसल्या आणि काळ्या माश्यांच्या अळ्या घटल्या. खायला भरपूर आणि बसायला जागा नाही अशी गत झाली.

आणि मग, सात-आठ उन्हाळे उलटून गेल्यावर, नव्वदीच्या सुरुवातीला, मॉस आलं. मॉस म्हणजे दगडाला धरून वाढणारी, मुळं नसलेली बारीक हिरवी वनस्पती, हे हायग्रोहिप्नम नावाचं. आधी ते त्या पट्ट्यात शोधावं लागत होतं, आता नदीचा तळच त्यानं व्यापायला सुरुवात केली. उघडे दगड गेले, हिरवे गालिचे आले. दगडावर राहणाऱ्या किड्यांचं घर गेलं आणि मॉसच्या गुंत्यात राहणाऱ्यांची चंगळ झाली. नदी तीच, पाणी तेच, फॉस्फरसही पहिल्या दिवशी होता तेवढाच, आणि तरी तिसरीच नदी तयार झाली. हे कुणाच्याही भाकितात नव्हतं.

मी एक उन्हाळा टूलिकला काढला तेव्हा मॉस पसरून झालं होतं. ठिबकाच्या वर दगड तपकिरी, ओबडधोबड, पाय रोवून उभं राहता येई. खाली दहा पावलं चाललं की रबरी विजारीतले पाय सरकू लागत. माझं काम कारकुनी होतं. ठरलेल्या जागचा दगड उचलायचा, ठरावीक क्षेत्रफळ दात घासायच्या ब्रशनं खरवडायचं, ते पाणी बाटलीत, बाटली काळ्या पिशवीत, मग गाळणकागदावर गाळून हरितद्रव्य मोजायचं. मॉसखालचा दगड ब्रशनं खरवडता येईना. पद्धत ठरवली होती ती शेवाळाच्या दगडासाठी, आणि दगडच उरला नव्हता! तोंडावर डासांची जाळी, हातमोजे ओले, बोटं बधिर. अशा वेळी सुचतात ते विचार छापण्याजोगे नसतात.

तर साहेब, परवानगी द्यायची की नाही असं मला विचाराल तर मी देईन. काही किलोमीटरांचा पट्टा, ठाऊक असलेली मात्रा, आणि वर्षानुवर्षांची नोंद. ठिबक बंद केलेल्या पट्ट्यातून मॉस लगेच हटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे, म्हणजे प्रयोग अगदी बिनखर्चाचा होता असं नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्याकडे नदीवरचे बहुतेक प्रकल्प तीन वर्षांचे. पहिलं वर्ष उपकरणं खरेदीत, शेवटचं पैसा खर्ची पडल्याचं प्रमाणपत्र देण्यात. कुपारुकवर तीन वर्षांत काम आटोपलं असतं तर जगाला शेवाळ कळलं असतं आणि मॉस कळलं नसतं.

मग पंचगंगेचंही असंच होणार का? फॉस्फरस सांडपाण्यातून येतोच आहे. – एक वाचिका, इचलकरंजी

नाही, आणि ते चांगल्या अर्थानं नाही असं समजू नका. कुपारुकचं पाणी थंड, उथळ, खळाळतं. त्यात वाढलेलं शेवाळ खाल्लं जातं, कुजून पाण्यातला ऑक्सिजन संपवत नाही. पंचगंगेत फॉस्फरस एकटा येत नाही, सोबत मैला, कारखान्यांचं पाणी, आणि बंधाऱ्यांमुळे साचलेला ऊबदार प्रवाह. तिथे जलपर्णी वाढते आणि कुजते, ऑक्सिजन उतरतो आणि मासे वर येऊन तोंडं उघडतात. दोन्हीकडे फॉस्फरसच आहे म्हणून आजार एक ठरत नाही.

नदी हिवाळ्यात तळापर्यंत गोठते म्हणतात, मग मासे जातात कुठे? – गळ टाकून बसणारा एक वाचक, चिपळूण

वर जातात, तळ्यात. कुपारुकच्या उगमाकडे ग्रीन केबिन नावाचं तळं आहे. ते पुरेसं खोल असल्यानं बर्फाखाली पाणी शिल्लक राहतं. ग्रेलिंग मासे उन्हाळा संपताना नदी चढून तिथे पोचतात, हिवाळाभर जवळजवळ उपाशी राहतात आणि बर्फ फुटलं की विणीला परत नदीत उतरतात. वर्षातले आठेक महिने दम धरायचा आणि उरलेल्यांत वर्षभराचं खायचं, असा त्यांचा संसार.

तुम्ही गळ टाकणारे आहात म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. ग्रेलिंगमध्ये डोहाची वाटणी ठरलेली असते. डोहाच्या तोंडाशी, जिथे वरून वाहत येणारे किडे आधी पोचतात, तिथे सर्वांत मोठा मासा. त्याच्या मागे त्याहून लहान, आणि असं करत सर्वांत लहान डोहाच्या शेपटाशी. मोठा काढला की दुसऱ्या नंबरचा पुढे सरकतो. चिपळूणच्या माशांत असं दिसतं का, कळवा.

या माशांवर लिंडा डीगन यांनी वर्षानुवर्षं काम केलं, पीटरसन यांच्याबरोबरही. खुणेच्या पट्ट्या लावलेले मासे दर उन्हाळ्यात पुन्हा पकडून मोजायचे. त्यातून निघालं ते असं की थंड आणि भरपूर पाण्याच्या वर्षी मोठे मासे चांगले पोसतात, आणि त्याच वर्षी पिल्लांचे हाल होतात. गरम आणि कमी पाण्याच्या वर्षी उलट, पिल्लं गुबगुबीत आणि थोरले हडकुळे. कारण अवघड नाही. पाणी जास्त तर वाहून येणारे किडे जास्त, ते थोरल्यांच्या पथ्यावर पडतं. पिल्लांना मात्र ऊब आणि काठालगतचं संथ पाणी लागतं. मग आर्क्टिक तापल्यानं माशांचं भलं होणार की वाईट? पिल्लांना विचारलं तर एक उत्तर, बापाला विचारलं तर दुसरं. वर्षं आलटून पालटून येत राहिली तर जात टिकते, एकाच प्रकारची वर्षं लागोपाठ आली तर पंचाईत.

आणखी एक. पावसानं ओढ दिलेल्या उन्हाळ्यात कुपारुकचा प्रवाह मधेमधे कोरडा पडतो, पाणी दगडगोट्यांच्या खालून जातं. माशाला खालून जाता येत नाही. तळ्यापर्यंतची वाट हिवाळ्याआधी मोकळी झाली नाही तर तो डोहात अडकतो आणि डोह गोठतो.

सैबेरियाच्या नद्यांचं पाणी वाढतंय हे कुणी आणि कसं मोजलं? वरून बर्फ, आणि मधे कितीतरी धरणं. आम्ही कृष्णेवर साधा विसर्ग काढतानाही घोळ होतात. – सरिता मापन केंद्रावर काम केलेले एक वाचक, सांगली

या महिन्यातला माझा आवडता प्रश्न. तुम्ही काम केलंय म्हणून खोलात जाते, बाकीच्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल.

डिसेंबर 2002 मध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. सहकाऱ्यांत सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी जलविज्ञान संस्थेचे रशियन शास्त्रज्ञ होते, आणि हे महत्त्वाचं, कारण नोंदवह्या त्यांच्या. युरेशियातून आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या सहा मोठ्या नद्या घेतल्या : येनिसे, लेना, ओब, पेचोरा, कोलिमा आणि सेव्हर्नाया द्विना. काळ 1936 ते 1999. या सहा नद्यांचं वर्षाचं एकूण पाणी या काळात सुमारे 7 टक्क्यांनी वाढलं. काळाच्या सुरुवातीपेक्षा शेवटी वर्षाला सुमारे 128 घन किलोमीटर जास्त. तुमच्या भाषेत सांगायचं तर साडेचार हजार टीएमसी. काठोकाठ भरलेली त्रेचाळीस कोयना धरणं दरवर्षी जादा.

आता मोजमापाबद्दल. पद्धत आपलीच. पातळी रोज वाचायची आणि अधूनमधून प्रत्यक्ष वेग मोजून पातळी-विसर्गाचा वक्र जुळवायचा. हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून त्यातून वेगमापक खाली सोडतात, कारण बर्फाच्या छताखाली तो उघड्या नदीचा वक्र लागू पडत नाही. चूक राहतेच. पण रशियन नोंदींचं बळ असं की त्याच जागी, जवळजवळ त्याच रीतीनं, दुसरं महायुद्ध, टंचाई आणि राजवट कोसळणं या सगळ्यातून वाचन चालू राहिलं. ओबवर सालेखार्ड आणि येनिसेवर इगार्का ही ठिकाणं नकाशावर शोधा, म्हणजे उणे चाळीसला नदीवर भोकं पाडणारी माणसं कुठे उभी होती ते दिसेल. एखाद-दोन दशकांच्या आकड्यांत ही वाढ दिसतच नाही. एक वर्ष वर, एक वर्ष खाली, त्या उड्यांत 7 टक्के बुडून जातात. साठ वर्षं ओळीनं मांडली तेव्हा ते वर आले.

सगळ्याच नोंदी इतक्या चोख नव्हत्या. पीटरसन यांच्या गटातल्याच शास्त्रज्ञांनी ओब आणि येनिसेच्या पाण्याचे नवे नमुने घेतले तेव्हा जुन्या सरकारी नोंदींतले अमोनियमचे आकडे फुगलेले निघाले. पाण्याचं माप विश्वासाचं, पाण्यात काय आहे त्याचं नाही. म्हणून मग 2003 पासून वेगळा प्रकल्प उभा राहिला. ओब, येनिसे, लेना, कोलिमा, आणि अमेरिका-कॅनडाकडच्या युकॉन आणि मॅकेन्झी, सहाही नद्यांवर एकाच जातीच्या बाटल्या, एकच गाळण, एकच पद्धत. कंटाळवाणं वाटेल. पण तोवर दोन नद्यांची तुलना म्हणजे बऱ्याचदा दोन प्रयोगशाळांची तुलना होती.

धरणांचा संशय रास्त आहे. येनिसेच्या खोऱ्यात क्रास्नोयार्स्क आणि ब्रात्स्कसारखी अवाढव्य धरणं आहेत. पण धरण पाणी पैदा करत नाही. उन्हाळ्याचं पाणी अडवून ते हिवाळ्यात विजेसाठी सोडतं, म्हणजे महिन्यांची अदलाबदल होते, वर्षाची बेरीज वाढत नाही. उलट धरण भरताना आणि बाष्पीभवनात थोडं घटेल. दुसरा संशय गोठलेल्या जमिनीतला बर्फ वितळण्यावर. 2004 मध्ये जेम्स मॅक्लेलँड, पीटरसन आणि इतरांनी धरणं, वितळणारी जमीन आणि जंगलातले वणवे असे तीन संशयित एकेक करून तपासले. जमिनीतल्या बर्फातूनच हे पाणी आलं असं म्हणायचं तर एवढ्या प्रचंड खोऱ्यांत सगळीकडे काही मीटर खोलीपर्यंत वितळल्याचं दिसायला हवं होतं, आणि ते दिसत नव्हतं. तिघंही वर्षाच्या वाढीला पुरे पडले नाहीत. उरला तो वरून येणारा मार्ग. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. विषुववृत्ताकडून उत्तरेकडे जाणाऱ्या वाऱ्यांबरोबर जास्त बाष्प गेलं, तिथे ते पाऊस आणि बर्फ होऊन पडलं आणि नदीत उतरलं.

तुम्हाला आणखी एक गोष्ट पटेल. एकच नदी घेऊन बसणाऱ्याला हे कळलं नसतं. सहा नद्या म्हणजे सहा खोरी, स्वभाव वेगवेगळे, धरणांचं प्रमाण वेगवेगळं. एकाच्या पदरी धरणाचा दोष घालता येतो, सहांच्या घालता येत नाही.

गोडं पाणी समुद्रात थोडं जास्त गेलं तर बिघडलं काय? आपल्याकडे तर ‘पाणी समुद्राला वाया जातं’ म्हणून भांडणं होतात. – अकरावीतली एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

आर्क्टिक महासागर लहान आहे. जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम एक टक्का त्याच्यात, पण जगातल्या नद्यांचं साधारण दहा टक्के पाणी त्याच्या वाट्याला येतं. त्यामुळे त्याच्या वरच्या थरात गोड्या पाण्याचा अंश बराच असतो आणि तो थर पुढे उत्तर अटलांटिकमध्ये उतरतो. तिथे ग्रीनलंडच्या आजूबाजूला एक मोठी घडामोड चालते. दक्षिणेकडून आलेलं खारट पाणी थंड होतं, जड होतं आणि बुडी मारून तळानं परत दक्षिणेला जातं. या बुडी मारण्यावर युरोपचं हवामान बरंचसं टेकलेलं आहे. वरचं पाणी गोडसर झालं तर ते हलकं होतं, बुडायला कुरकुर करतं.

2006 मध्ये पीटरसन आणि मंडळींनी याचा जमाखर्च मांडला. 1960 च्या दशकातल्या नीचांकापासून 1990 च्या दशकातल्या उच्चांकापर्यंत नद्यांचं वाढीव पाणी आणि समुद्रावरचा वाढीव पाऊस मिळून सुमारे 20,000 घन किलोमीटर. समुद्री बर्फ घटल्यामुळे आणखी 15,000. हिमनद्यांचे सुमारे 2,000. आणि याच काळात उत्तर अटलांटिकचं पाणी गोडसर झाल्याचं जहाजांवरून घेतलेल्या मोजमापांत दिसत होतंच. दोन वेगळ्या वह्यांची बेरीज जवळपास जुळली. मला या माणसाच्या कामात आवडतं ते हे. एका लहानशा नदीत दगड खरवडणारा गट पुढे अख्ख्या महासागराचा हिशेब मांडायला बसला, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच ठेवला, पाणी कुठून आलं आणि सोबत काय आणलं?

युरोप उद्या गोठणार वगैरे चित्रफिती तुझ्या मोबाइलवर येत असतील, त्या सोडून दे. बुडी मंदावणं आणि बंद पडणं यांत फार अंतर आहे. आपल्या पावसाशी याचा संबंध लागतो का, हेही तू पत्रात शेवटी विचारलं आहेस. गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये कारा समुद्रातलं उन्हाळी बर्फ कमी असणं आणि आपल्याकडे सप्टेंबरमध्ये टोकाचा पाऊस पडणं यांत दुवा असण्याची शक्यता मांडली आहे. ओब आणि येनिसे याच कारा समुद्राला मिळतात. दुवा आहे म्हणजे कारण सापडलं असं मात्र समजू नकोस. बारावीला सांख्यिकी घे, मग हा फरक कुणी शिकवावा लागणार नाही.

मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मलाही आर्क्टिकला जाता येईल का, की ते फक्त अमेरिकावाल्यांचं काम? – एक विद्यार्थी, नांदेड

जाता येईल, आणि वाट गोव्यातून आहे. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, उत्तरेला 79 अंशांवर, नी-ऑलेसुंड या वस्तीत 2008 पासून आहे. पूर्वी ती कोळशाच्या खाणीची वस्ती होती, आता निरनिराळ्या देशांची केंद्रं शेजारी शेजारी आहेत. तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खोल खाडीत, 192 मीटर खोलीवर 2014 मध्ये भारतीय उपकरणांची साखळी सोडली, ती पाण्याचं तापमान आणि खारटपणा नोंदवते. डिसेंबर 2023 पासून हिमाद्रीत हिवाळ्यातही माणसं राहू लागली. वस्तीच्या बाहेर पडताना अस्वलांमुळे बंदूक बरोबर लागते आणि ती चालवायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, हे आईला आत्ताच सांगू नकोस.

पण आधी एमएस्सी कर, आणि ती करताना पाण्याचं रसायन शीक. प्राणिशास्त्रवाले किडे ओळखतात आणि टायट्रेशनला घाबरतात, हे मी आयुष्यभर पाहिलं. शिवाय थोडी गैरसोय सोसायची सवय लाव. टूलिकला तळ्यात सांडपाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही म्हणून अंघोळ आठवड्यातून दोनदा आणि तीही दोन-दोन मिनिटं. तळ्याचा फॉस्फरस मोजायला आलेल्यांनी त्यात साबण सोडून कसं चालेल? वसतिगृहात पाणी जातं त्या दिवशी कुरकुर करण्याऐवजी घड्याळ लावून बघ, दोन मिनिटं पुष्कळ असतात.

आमची शाळा जावळी तालुक्यात, ओढ्याच्या काठी आहे. मुलांना यातलं काही करता येईल का? खर्चाला पैसे नाहीत. – जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक

येईल गुरुजी, आणि पैसे लागणार नाहीत. जुन्या घराची मंगलोरी कौलं मिळतील. सारख्या आकाराचे आठ तुकडे करून घ्या. चार तुकडे गावाच्या वर, चार गावाच्या खाली, ओढ्यात घोटाभर पाण्यात सपाट ठेवा, दगडाचा टेकू द्या. ऊन दोन्हीकडे सारखं पडेल अशी जागा निवडा, नाहीतर मुलं सावली मोजत बसतील. तीन आठवड्यांनी काढा, प्रत्येक तुकडा जुन्या दातांच्या ब्रशनं पेलाभर पाण्यात खरवडा, आणि आठही पेले खिडकीत ओळीनं ठेवून पाण्याचा रंग एकमेकांशी ताडून पाहा. कौलाखाली चिकटलेल्या अळ्या पांढऱ्या ताटलीत मोजा. कॅडिसफ्लायची अळी वाळूच्या कणांचं नळकांडं करून त्यात राहते, ती मुलांना लगेच सापडेल आणि सोडवणार नाही. मोजून झालं की परत ओढ्यात.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की सुरू करा, ओढा आटेपर्यंत चालवा. पावसाळ्यात कुणाला पाण्यात उतरवू नका. एकाच जाड वहीत तारीख, पाण्याची खोली, पाण्याचा रंग, अळ्यांची संख्या आणि त्या आठवड्यात वरच्या बाजूला कुणी कपडे धुतले, कुणी उसाला खत घातलं ते लिहा. वही शाळेच्या कपाटात ठेवा, मुलांच्या दप्तरात देऊ नका, कारण मुलं सातवीनंतर निघून जातात. पहिल्या वर्षीचे आकडे जमले की मला पाठवा. निष्कर्ष इतक्यात काढू नका.